लेकीच्या नावावरचे बिल

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, विधुर, एका मुलीचा बाप, आज सकाळी अंघोळ, चहा आणि रक्तदाबाची गोळी उरकून, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. यानंतर लिहीन असेही वाटत नाही.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी मला टाइप केलेला नमुना दिला. म्हणाल्या, "काका, यात भावना घालू नका. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा." त्यांनी फी घेतली नाही म्हणून मी मान डोलावली. पण कोणाला काय हे लिहायचे तर का हेही लिहावे लागते, आणि त्या 'का'पाशी आले की माझी मान डोलत नाही. तेव्हा वकीलबाईंनी मला माफ करावे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमतो. भोगा आता.

कलम पहिले: दुकान.

दुकान म्हणजे सहा फूट रुंद आणि अकरा फूट खोल अशी एक खोली. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, मधे मी. ते माझ्या मालकीचे नाही. मालकाने सेहेचाळीस वर्षांत भिंतींना एकदा रंग दिला नाही, तो मी गेल्यावर नक्की देईल, कारण भाडे वाढवायचे असेल. आत गिऱ्हाइकांची चार मशिने पडून आहेत, ती ज्याची त्याला परत करावीत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे. त्यातल्या पायमशीनचे काम अर्धे झाले आहे, त्याचे पैसे घेऊ नयेत.

हत्यारे सगळी शिलाई क्लासच्या बाईंना द्यावीत. त्या तीस वर्षे माझ्याकडे येतात आणि पेचकस कसा धरायचा हे त्यांना कळते. मी मशीनची तक्रार कधी विचारून घेतली नाही. "चालवा," म्हणायचे, डोळे मिटायचे आणि कान द्यायचा. सुई कुठे आपटते आहे, पट्टा कुठे घासतो आहे, सगळे आवाजात असते. बाई म्हणायच्या, "तुम्ही म्हणजे मशिनांचे डॉक्टर आहात बघा." मी दुकानात हसण्यावारी न्यायचो आणि घरी जाऊन बायकोला दोनदा सांगायचो.

कलम दुसरे: धाकटा भाऊ.

माझ्या धाकट्या भावाला मी माझ्याकडची लाकडी शिडी देतो. ती त्याचीच आहे. तिच्यावरून आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. ती मी मागून आणली होती असे तो म्हणतो, त्याने दिली होती असे मी म्हणतो. शिडी पायथ्याशी थोडी कुजली आहे, जपून चढावे. त्याला याहून जास्त काही नाही. त्याने माझ्या बायकोच्या तेराव्याला येऊन, माझ्याशी न बोलता, इतरांना जेवणात मीठ कमी असल्याचे सांगितले होते, हे मी विसरलेलो नाही.

कलम तिसरे: घर आणि घरातले.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या नावावर, कर्ज फिटलेले. हे सर्व माझ्या मुलीला आणि जावयाला मिळून द्यावे, दोघांची नावे लावावीत. वकीलबाई म्हणाल्या, एकट्या मुलीच्या नावावर करा, सुरक्षित असतं. नाही. जावयाचेही नाव लागलेच पाहिजे. मी त्या माणसाचे फार वाईट केले आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

बायकोचे शिलाई मशीन मुलीने ठेवावे. बायको त्यावर काजे करायची, शाळेच्या गणवेशांची, शेकड्यावर. ते विकू नये. विकायचेच झाले तर माझ्या भावाला विकू नये.

कलम चौथे: बिल.

आता मुद्द्याचे.

चार वर्षांपूर्वी बायकोची फुप्फुसे थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे यंत्र लावायला सांगितले. विजेवर चालते, खोलीतली हवा ओढते, आतल्या पांढऱ्या दाण्यांच्या नळकांड्यांतून गाळते आणि निव्वळ ऑक्सिजन पुढे सोडते. यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीकडून ते भाड्याने आणले. देखभाल त्यांची. मी आहे हातावर पोट असलेला माणूस, माझ्याकडे पगाराची पावती कुठली? म्हणून कंपनीच्या फॉर्मवर मुलीने सही केली. ती छापखान्याच्या कार्यालयात कामाला आहे, महिन्याच्या महिन्याला पगार. "बाबा, सहीचं काय घेऊन बसलात, आईचा श्वास महत्त्वाचा," असे म्हणून तिने माझ्या हातातले पेन ओढून घेतले.

पाच महिन्यांनी बायको गेली. कंपनीचा दुरुस्तीवाला यंत्र परत न्यायला आला, त्याने तपासले, आणि महिन्याभराने बिल आले. भाडे नव्हे, भाडे सगळे चुकते होते. बिल दुरुस्ती-सेवेचे होते. यंत्र ग्राहकाने उघडले, आत तेल घातले, तेल दाण्यांत जाऊन दाणे निकामी झाले, सबब दाणे बदलण्याचा खर्च, तपासणीचा खर्च, आणखी कसला कसला खर्च. रक्कम मी इथे लिहीत नाही. ती दर महिन्याला वाढते, शाई वाळेपर्यंत शिळी होईल.

बिल मुलीच्या नावावर. तिने मला विचारले, "बाबा, तुम्ही तेल घातलं होतं?" मी म्हणालो, "नाही." तिने बिल भरले नाही.

कंपनीने दोनदा पत्र पाठवले. एक छापील कबुलीपत्रही पाठवले: यंत्र आम्ही उघडले व त्यात तेल घातले हे मान्य आहे, असे लिहून द्या, निम्मी रक्कम सोडून देतो. मुलीने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "सही करायची का? निम्मं भरून मोकळे होऊ," ती म्हणाली. मी आवाज चढवला. म्हणालो, "जे केलं नाही ते कबूल करू? सेहेचाळीस वर्षं हात काळे केले ते यासाठी?" तिने कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "नाही करायची. बरोबर आहे तुमचं." ते कबुलीपत्र मी फाडून टाकले असे तिला सांगितले आहे. फाडलेले नाही.

सहा महिन्यांनी कंपनीने ते बिल वसुलीवाल्यांना विकले. उधारीही विकता येते हे मला या वयात कळले. वसुलीवाल्याचा फोन पहिल्या आठवड्यात "सर" म्हणत असे, दुसऱ्यात "काका" आणि तिसऱ्यात काहीच म्हणत नसे. मग तो दुकानात आला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, भरून टाका हो. मला तुमच्या मुलीच्या ऑफिसात जायची हौस नाहीये." मी त्याला बाहेर काढले. तो ऑफिसात गेला. मालकासमोर, सगळ्या लोकांसमोर त्याने तिचे नाव घेऊन थकबाकी सांगितली. आणि माझी पोर काय म्हणाली असेल? "माझे बाबा खोटं बोलत नाहीत. तुमचं बिल खोटं आहे." हे मला तिच्या मालकानेच सांगितले, कौतुकाने. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

तिने आणि जावयाने एक घर बघून ठेवले होते. तिसरा मजला, समोर मोकळे मैदान. पडदे कुठले लावायचे तेही ठरले होते. बँकेने कर्ज नाकारले. तुमच्या नावावर थकबाकी वसुलीत आहे, आधी ती मिटवा, थकबाकी नसल्याचा दाखला आणा, मग बोलू. घर दुसऱ्याने घेतले. नंतर दोनदा अर्ज केला, दोनदा तेच.

तेव्हा जावई माझ्या दुकानात आले. ती कामावर असताना, मुद्दाम. म्हणाले, "बाबा, एक विचारू? मी गुपचूप भरून टाकतो. तिला कळायलाच नको. कोणी खरं, कोणी खोटं, जाऊ दे ना." देवाने दाखवलेली वाट होती ती. मी काय केले? मी त्यांच्यावर खेकसलो. "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही," असे म्हणालो, आणि एवढ्यावर न थांबता मुलीला फोन करून सांगितले की तुझा नवरा मला चोर ठरवतोय. त्यांच्यात भांडण झाले. तीन आठवडे जावई बाहेरच्या खोलीत झोपले. त्यानंतर त्या दोघांच्या बोलण्यात जी एक खाच पडली आहे ती मला त्यांच्या घरी गेले की ऐकू येते. दुसऱ्यांचे बिघाड मला ऐकू येतातच.

कलम पाचवे: तेल.

तेल मी घातले होते.

वकीलबाई, हे कलम गाळू नका.

यंत्र खडखडायला लागले होते. कंपनीला फोन केला, "तक्रार नोंदवली आहे," असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायको म्हणाली, "अहो, गिरणीत निजल्यासारखं वाटतंय." तिला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या छोट्या बाटल्यावर लावले आणि यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले. 'उघडू नये' असा कागद चिकटवलेला होता, तो मी ब्लेडने अलगद सोडवला. पंख्याचा एक स्क्रू सैल होता आणि त्याच्या हादऱ्याने आतले धूड हलत होते. दोन मिनिटांचे काम. घट्ट केले.

झाकण लावण्याआधी मी दोन थेंब तेल सोडले. एक दट्ट्याच्या दांड्यावर, एक बेअरिंगवर. का? कशाचे का! उघडलेले मशीन बंद करण्याआधी तेल देतात. हे मी ठरवत नाही, हात देतो. ऑक्सिजनच्या यंत्राला तेल वर्ज्य असते, आत कोरडे चालायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. शिलाई मशीनवाल्यालाच ही चूक सुचते. दुसरा कोणी असता तर त्याच्या घरात तेल नसते आणि असते तरी त्याने झाकण तसेच लावले असते.

यंत्र असे सुरेख चालायला लागले की विचारू नका. मांजर गुरगुरते ना, तसे. बायको म्हणाली, "अहो, किती गुपचूप चालतंय! तुमचा हात लागला ना." आणि तिला झोप लागली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. तिसऱ्या दिवसापासून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या चिमटीवरचा आकडा उतरायला लागला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "या आजारात असंच होतं, प्रवाह वाढवा." मी वाढवला. आकडा पुन्हा उतरला. पुन्हा फोन केला. त्यांनी विचारले, "मशीन नीट चालतंय ना? एकदा कंपनीकडून तपासून घ्या."

मी म्हणालो, "डॉक्टर, मशीनचं मला सांगू नका."

हे माझे शब्द आहेत. तेव्हा मी कान लावून बसलो होतो यंत्राला. आवाजात काही म्हणजे काही खोट नव्हती. ती ओठ निळे पडून उशांना टेकून बसली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून यंत्राचे ऐकत होतो.

दुरुस्तीवाला यंत्र न्यायला आला तेव्हा त्याने पुढे एक मीटर लावला. ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर दाखवायला हवा होता. चाळीसच्या आसपास दाखवला. त्याने झाकण काढून वास घेतला आणि म्हणाला, "काका, आत तेल घातलं होतं का? तेल दाण्यांत गेलं की दाणे मरतात. मशीन मस्त चालतं, पण देतं ती नुसती हवा." त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हते की तो काय सांगतो आहे. मुलगी आत चहा टाकत होती. मी म्हणालो, "तेल? छे! मी कशाला घालू?" ती कप घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "तेल कुठे घालायचं नि कुठे नाही हे तुम्ही माझ्या बाबांना शिकवणार?" मग मी कसे बोलणार होतो? तेव्हाच बोलायला हवे होते, तो कप हातात घेण्याआधी. मी कप घेतला.

तेलाने ती गेली की आजाराने, हे मला ठाऊक नाही. वकीलबाईंनी, प्रकरण कोणाचे आहे ते न कळवता, एका दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, आजार तसाही शेवटच्या टप्प्यात होता, महिना, फार तर दोन. म्हणजे महिना, फार तर दोन, एवढे तिचे माझ्याकडे निघतात. ते कुठल्या वसुलीवाल्याकडे भरायचे?

कलम सहावे: काय करावे.

माझ्या खात्यातून ते बिल, जे काही झाले असेल ते, पूर्ण भरावे. मी जिवंतपणी एकदा प्रयत्न केला, मुलीला न सांगता. पहिल्या वसुलीवाल्यांनी ते दुसऱ्यांना विकले आहे, दुसरे म्हणतात कंपनीचे पत्र आणा, कंपनी म्हणते आमच्याकडे ते खातेच बंद आहे. पैसे घ्यायला कोणी तयार नाही आणि मागायचे कोणी सोडत नाही. एका खिडकीवरच्या बाईने तेवढे नीट सांगितले: कबुलीपत्र असेल तर कंपनी खाते पुन्हा उघडेल, मग दाखला मिळेल, कबुलीशिवाय नाही. ते कबुलीपत्र कपाटात बायकोच्या साड्यांखाली आहे. त्यावर मी आज सही केली आहे. ते कंपनीला द्यावे. चार वर्षांनी ते चालेल की नाही, सांगता येत नाही. बहुधा चालणार नाही. चालले तरी मैदानासमोरचे घर गेलेच आहे.

राहिलेले पैसे जावयांना द्यावेत. त्यांना हे कलम आणि वरचे पाचवे, दोन्ही मोठ्याने वाचून दाखवावे, माझ्या मुलीसमोर.

कलम सातवे: गुरुवार.

मुलीने ग्राहक तक्रार मंचाकडे दावा लावला आहे. कंपनीने खोटे बिल लावून नाव खराब केले, असा. येत्या गुरुवारी तिची साक्ष आहे. माझ्या वडिलांनी यंत्रात तेल घातलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र तिने टाइप करून आणले आणि शपथेवर सही केली. दुसरे प्रतिज्ञापत्र माझ्या नावाचे आहे. तेही मी सही करून दिले आहे.

मी तिला म्हणून पाहिले, "सोड ना आता, बाळ. कशाला कोर्टकचेऱ्या?" ती म्हणाली, "बाबा, आता माघार नाही. पैशाचं नाहीच आहे हे. तुमचं नाव साफ करायचंय मला."

वकीलबाईंना मी पाचवे कलम तोंडी सांगितले तेव्हा त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावले. मग म्हणाल्या, "काका, मृत्युपत्राची काय गरज आहे? गुरुवारच्या आत तिला सांगा. नंतर हे उघड झालं तर ती शपथेवर खोटं बोलली असं होईल." अगदी बरोबर आहे. मला सगळे कळते. दोन बस बदलल्या की तिचे घर. मागच्या आठवड्यात मी तीनदा त्या बसमध्ये बसलो. एकदा तर दारापर्यंत गेलो, तिने दार उघडले, म्हणाली, "अरे वा, बाबा!" आणि मी म्हणालो की सहज आलो होतो.

माझ्यात ती हिंमत नाही. आईला मी मारले की काय, हा प्रश्न तिच्या तोंडावर आलेला मला बघवणार नाही. मेल्यावर बघावे लागणार नाही, म्हणून हे मृत्युपत्र. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरे काही म्हणू नये. वकीलबाईंना मी शपथ घातली आहे की मी जिवंत असेपर्यंत हा कागद त्यांनी उघड करू नये. त्या रागाने वर निघून गेल्या. शब्द मात्र मोडणार नाहीत.

मुली, तू हे ऐकशील तेव्हा मला वाटेल तेवढे बोल. काहीही बोललीस तरी ते खरे असेल. माझ्या नावासाठी तू तुझे नाव घालवलेस आणि मी ते बसून पाहिले.

कलम आठवे: शेवटची नोंद.

हे मृत्युपत्र लिहून पुरे झाल्यावर, दोन्ही साक्षीदार सह्या करायला येऊन बसले असताना मुलीचा फोन आला. साक्षीदारांनी तो ऐकला आहे, म्हणून नोंद करतो.

ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी निळा शर्ट घाला, मी इस्त्री करून आणते. साडेनऊला येते न्यायला. तिथे ते वाकडंतिकडं विचारतील, पण तुम्ही फक्त खरं काय ते सांगा. आणि घाबरू नका हां. मी आहे ना."

मी "बरं" म्हणालो.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर.
दिनांक: सतरा मार्च, सोमवार, दुपारी सव्वाबारा.

साक्षीदार क्रमांक एक: चष्मेवाला, दुकानाचा शेजारी. मजकूर वाचलेला नाही. सही आपल्यासमोर झाली.

साक्षीदार क्रमांक दोन: किल्ल्या करून देणारा, दुकानाचा शेजारी. मजकूर वाचलेला नाही. सही आपल्यासमोर झाली.

लिहून देणार: सही. सही नेहमीसारखी आलेली नाही, म्हणून शेजारी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दिला आहे. दोन्ही माझेच आहेत.